भूतान : निसर्ग आणि समाज

भूतान हे पूर्व हिमालयातले बौद्ध राजेशाहीचे छोटे राष्ट्र. राजधानी थिंफू. क्षेत्रफळ सुमारे ३८,४०० चौ. किमी., म्हणजे साधारण केरळएवढे. लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेनुसार ७ लाख २७ हजार. दक्षिणेला आसाम आणि बंगालला लागून सालवृक्षांचे उष्ण अरण्य, उत्तरेला तिबेटच्या सीमेवर सात हजार मीटरपलीकडची शिखरे. देशाचा सुमारे ७० टक्के भाग वनाखाली आहे. या हिरवाईचे सगळे श्रेय बौद्ध करुणेला देऊन मोकळे होण्याची पर्यटन पुस्तिकांची रीत आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे बौद्ध धर्माआधीची दैवते, सरकारी कायदे आणि विरळ वस्ती अशी बरीच कारणे आहेत आणि तिची किंमत मुख्यतः शेतकरी मोजतो.

भूतानी माणसाच्या लेखी डोंगर, कडा, झरा यांना धनी असतो. झऱ्यात ‘लू’ म्हणजे नागदेवता राहते. तिथे घाण केली की अंगावर फोड उठतात, असा समज. डोंगराच्या दैवताला दुखवले तर गारपीट होते. म्हणून पिके उभी असताना ठरावीक काळ रानात जायला बंदी असे. या प्रथेला ‘रिदुम’ म्हणतात. आपल्याकडच्या देवराईची आठवण व्हावी असा हा धाक आहे, फक्त तो एका राईपुरता न राहता अख्ख्या डोंगराला लागू होतो. ७,५७० मी. उंचीच्या गांगखर पुएनसुम शिखरावर आजवर कोणी पोचलेले नाही. १९९४ मध्ये सहा हजार मीटरवरच्या शिखरांची चढाई बंद झाली आणि २००३ पासून गिर्यारोहणच थांबले. त्यामागे हीच श्रद्धा आहे.

मात्र श्रद्धेवर सगळे सोडून दिलेले नाही. १९६९ च्या वन कायद्याने जंगल सरकारजमा झाले. त्याआधीपासून गावकऱ्यांचे दोन हक्क चालत आले होते : ‘त्सामद्रो’ म्हणजे चराईचे रान आणि ‘सोकशिंग’ म्हणजे पालापाचोळ्याचे रान. सोकशिंगमधला ओकचा पाला गोठ्यात गुरांखाली अंथरायचा, शेणमुताने भिजला की तोच शेतात खत म्हणून टाकायचा. डोंगरातली शेती या पाचोळ्यावरच उभी होती. २००७ च्या भूमी कायद्याने ही राने सरकारी मालकीची ठरवली. २००८ च्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने किमान ६० टक्के भूमी कायम वनाच्छादित ठेवण्याचे बंधन घातले आणि प्रत्येक नागरिकाला निसर्गसंपत्तीचा विश्वस्त म्हटले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी मांडलेल्या ‘सकल राष्ट्रीय आनंद’ या विचारातही पर्यावरण हा एक आधारस्तंभ आहे.

निसर्ग आणि गाव यांचा मेळ कसा बसतो, हे फोबजिखा खोऱ्यात नीट दिसते. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या या दलदलीत ऑक्टोबरअखेर तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. स्थानिक नाव ‘थ्रुंग थ्रुंग कर्मो’. येताना आणि जाताना ते गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, असे लोक मानतात. मठाच्या अंगणात १९९८ पासून दर ११ नोव्हेंबरला क्रौंच महोत्सव भरतो, शाळेतली मुले पंख लावून नाचतात. खोऱ्यात वीज आणताना क्रौंच तारांवर आदळू नयेत म्हणून केबल जमिनीखालून नेल्या. खोऱ्यातले मुख्य पीक बटाटा, तो भारताच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंग गावातल्या लिलावात जातो. दलदल बुजवली तर बटाट्याचे क्षेत्र वाढेल, हा मोह अर्थातच असतो.

नद्यांचा हिशेब वेगळा. चुखा (३३६ मेगावॉट), ताला (१,०२०), मांगदेछू (७२०) हे जलविद्युत प्रकल्प भारताच्या मदतीने झाले आणि त्यांची जादा वीज भारतच विकत घेतो. हिवाळ्यात नद्या आटल्या की उलट भारताकडून वीज घ्यावी लागते. हिमनद्यांच्या तळ्यांचा धोका आहेच. ऑक्टोबर १९९४ मध्ये उत्तरेच्या लुनाना भागातले लुग्गे तळे फुटले, वीसहून अधिक माणसे दगावली आणि खाली पुनाखाच्या झोंगचीही (किल्लेवजा मठाची) हानी झाली. शेजारच्या थोरथोर्मी तळ्याची पातळी पुढे कामगारांनी कुदळ-फावड्याने, बर्फाळ पाण्यात उभे राहून कालवा खणून उतरवली. तिथे जड यंत्रे नेणे शक्यच नव्हते.

समाजात पश्चिमेचे न्गालोप, पूर्वेचे शारचोप आणि दक्षिणेचे नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा हे मोठे गट. पश्चिम व मध्य भागात घर आणि जमीन बहुधा मुलीकडे जाते. ‘आनंदी देश’ या लौकिकाशी न जुळणारे प्रकरण ल्होत्शाम्पांचे. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतरच्या १९८८ च्या शिरगणतीत १९५८ सालची शेतसाऱ्याची पावती मागितली गेली. ती नसलेले परके ठरले. न्गालोप पद्धतीच्या वेश आणि शिष्टाचाराची सक्तीही आली. एक लाखाच्या आसपास लोक नेपाळच्या छावण्यांत गेले. त्यांतले बहुतेक पुढे अमेरिका व अन्य देशांत वसले.

प्राणिहत्या पाप मानली जाते, तरी मांस आवडीने खाल्ले जाते; ते बरेचसे भारतातून येते. भूतानी पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या पवित्र महिन्यांत त्याची विक्री बंद असते. शिकारीवर बंदी असल्याने रानडुकरे माजली आहेत. मका, भात पिकू लागला की शेतकरी रात्र रात्र मचाणावर जागतो. अलीकडे विजेची कुंपणे आली. या कष्टाला कंटाळून तरुण थिंफूला, तिथून ऑस्ट्रेलियाला जातात. ओस पडलेल्या घरांना ‘गुंगतोंग’ म्हणतात; पूर्व भूतानात ती जास्त आहेत. पडीक शेतात आधी झुडपे उठतात, मग झाडे, आणि शेजारच्या उरलेल्या शेताला रान आणखी जवळ येते.