हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे केवळ स्वयंपाक नव्हे

‘हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत फक्त स्वयंपाक आणि वाढपकाम शिकवतात’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. विद्यार्थी ॲप्रन घालून स्वयंपाकघरात दिसतात, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या दोन विषयांच्या जोडीला फ्रंट ऑफिस (पाहुण्यांचे स्वागत व खोल्यांची नोंदणी) आणि हाउसकीपिंग (खोल्यांची स्वच्छता व देखभाल) असते, तसेच लेखांकन, कायदा व अन्नसुरक्षाही असते. स्वयंपाकघरातले महत्त्वाचे शिक्षणही, माझ्या मते, हिशेबाचेच आहे: एक किलो कांदा सोलून-निवडून किती उरतो, त्यावरून एका थाळीचा खर्च किती पडतो आणि तिची किंमत काय ठेवावी, हे विद्यार्थ्याला कागदावर मांडावे लागते. खात्री करायची असल्यास ही पदवी देणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम उघडावा आणि स्वयंपाकाच्या श्रेयांकांची (क्रेडिट्स, म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेला अभ्यासाचा भार) एकूण श्रेयांकांशी तुलना करावी.