ट्रंक कॉल आणि एसटीडी: एकच की वेगळं?

परवा घरात जुन्या गोष्टी निघाल्या होत्या तेव्हा भाचा म्हणाला, "ट्रंक कॉल म्हणजे एसटीडीचंच जुनं नाव ना?" आणि गंमत म्हणजे बसलेल्या निम्म्या मोठ्या माणसांनीही माना डोलावल्या. नाही रे बाबा, दोन्ही परगावी करायचेच फोन, पण ज्यांनी दोन्ही केलेत ते असं म्हणणारच नाहीत.

गोंधळ होणं तसं साहजिक आहे, कारण एसटीडीचा फुल फॉर्म आहे सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग, म्हणजे ट्रंक त्याच्या पोटातच बसलेला. ट्रंक म्हणजे दोन गावांची टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी मोठी लाइन. ट्रंक कॉल त्यावरून जायचा आणि एसटीडी पण त्यावरूनच. फरक एवढाच की ट्रंक कॉल ऑपरेटर जोडून द्यायची आणि एसटीडी आपण आपल्या बोटाने लावायचा. एवढाच म्हणतोय खरा, पण त्या एवढ्याने सगळा हिशोबच बदलला.

ट्रंक कॉल आधी बुक करायला लागायचा. १८० फिरवायचं, कुठल्या गावचा कुठला नंबर ते सांगायचं, मग ती विचारणार ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे आणि लाइटनिंगला कितीतरी पट, त्यामुळे कोणी लाइटनिंग बुक केला की घरातल्यांच्या पोटात गोळाच यायचा, कोण गेलं म्हणून. ऑर्डिनरी असेल तर फोनजवळ बसून राहायचं, तास दोन तास, कधी अख्खा दिवस, आंघोळीला जायची पण सोय नाही. मग एकदम लांबलचक रिंग, "नागपूर लाइनवर आहे, बोला", आणि आपण ओरडायला सुरुवात, कारण आवाज विहिरीतून आल्यासारखा. तीन मिनिटं झाली की मध्येच बाईंचा आवाज, "थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड करू?" अर्धी माणसं तर तिथेच नको नको म्हणून फोन ठेवायची.

पण ट्रंकमध्ये एक सोय होती जी एसटीडीत कधीच आली नाही, ती म्हणजे पीपी कॉल, पर्टिक्युलर पर्सन. म्हणजे मला त्या नंबरवर अमुक माणूसच हवा, तो असेल तर जोडा. थोडे जास्तीचे पैसे पडायचे पण बोलण्याचा चार्ज तो माणूस लाइनवर आल्यावरच सुरू व्हायचा. फोन एका घरात आणि बोलायचंय तिसऱ्या घरातल्या माणसाशी, अशा काळात ही सोय म्हणजे देवच. (लग्नपत्रिकेत नाहीतर व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे पीपी लिहायचे, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, ते हेच पीपी.)

एसटीडीत मधला माणूसच गेला. आपल्याकडे पहिली एसटीडी लाइन सुरू झाली १९६० साली, लखनौ आणि कानपूरमध्ये. आपण आधी शून्य फिरवतो ना, ते शून्य म्हणजे एक्स्चेंजला निरोप की हा कॉल गावातला नाही, ट्रंकच्या मशीनकडे पाठव. मग पुढचा कोड, मुंबईचा २२, दिल्लीचा ११, पुण्याचा आधी २१२ होता नंतर २० झाला. आता ऑपरेटरच नाही म्हटल्यावर पैसे मोजणार कोण, तर मीटर. समोरच्याने उचललं की पल्स, म्हणजे बिलाचे युनिट, पडायला लागले, गाव जितकं लांब तितके भराभर. समोर मामा उचलोत की मामांकडची मोलकरीण, मीटरला काय त्याचं, "थांबा हं बोलावते" म्हणून ती जिना उतरून जाईपर्यंत तुमचे पल्स धडाधड पडतच असायचे. तेव्हा माणसं असं म्हणायला शिकली की "मी ठेवतो, दहा मिनिटांनी परत करतो, तोवर बोलावून ठेवा". हे वाक्य एसटीडीनेच मराठीला दिलं असं माझं ठाम मत आहे 😄

आणि बिल महिन्यांनी यायचं, कोणता कॉल कितीचा ते कळायचं नाही, म्हणून लोक डायलच्या भोकात छोटं कुलूप अडकवायचे. आमच्या ओळखीत एक पोरगा होता तो कुलूप असताना सुद्धा रिसीव्हर ठेवायच्या हुकावर टकटक टकटक करून नंबर लावायचा, चारसाठी चारदा, शून्यासाठी दहादा. जुन्या फोनला ते चालायचं खरंच, डायल तरी काय वेगळं करायची.

आता दुसरा गोंधळ, एसटीडी म्हणजे बूथ. ते नाही. बूथ म्हणजे पीसीओ, पब्लिक कॉल ऑफिस, म्हणजे जागा. पिवळ्या पाटीवर एसटीडी, आयएसडी (म्हणजे परदेशी कॉल), पीसीओ असं एका ओळीत लिहायचे म्हणून तिन्ही एकच वाटायला लागलं. १९९१ साली ८४ कोटींच्या देशात फोन होते ५० लाखांच्या आसपास, फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, म्हणजे घरात एसटीडी येऊन सामान्य माणसाला उपयोग शून्य. उपयोग झाला तो बूथमुळे. सरकारने फोन कमिशनवर चालवायला दिला आणि १९८४ साली सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेने खेड्यांसाठी छोटी एक्स्चेंज बनवली, १२८ लाइनची, एसी नसला तरी चालणारी. आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हाळ्यात ती टिकली हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं, बाहेरच्या मशिनींना गारेगार खोली लागायची.

बूथमध्ये पल्स डोळ्यांनी दिसायचे. काचेची केबिन, आत घामाघूम आपण, समोर लाल आकडे पळतायत, ४.८०, ६.००, ७.२०, खिशात दहाची नोट एकच, त्यामुळे नजर आकड्यांवर आणि बोलणं गाडी सुटल्यासारखं. रात्री उशिरा पाव दर लागायचा म्हणून तेव्हाच रांगा, जेवून चादर पांघरून आलेली माणसं, होस्टेलची पोरं, आणि मागचा काचेवर टकटक करतोय.

मग २००३ च्या मे महिन्यापासून मोबाईलवर इनकमिंग फ्री झालं, २००६ ला सरकारी कंपन्यांनी देशभर एक रुपया मिनिट केलं आणि बूथवाल्यांनी शटर अर्धं करून झेरॉक्स नाहीतर रिचार्ज सुरू केलं. शून्य मात्र अजून आहे. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून गावातल्या गावात मोबाईल लावायचा तरी आधी शून्य दाबावं लागतं. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "लँडलाइन कोणाकडे आहे?"