प्रथिन औषधांतल्या गुठळ्या मोजताना

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात फ्रिजबाहेर राहिलेल्या इन्सुलिनचे काही रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात. द्रावण मात्र स्वच्छच दिसते. अशा गुठळ्यांविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवू शकते, म्हणून त्या मोजाव्याच लागतात. त्यासाठी वापरतात साइझ एक्सक्लुजन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत.

कॉलममध्ये, म्हणजे ज्या नळीतून नमुना वाहतो तिच्यात, सच्छिद्र सिलिकाचे कण ठासलेले असतात. चाळणीतून बारीक आधी पडते, इथे उलट. मोठे रेणू छिद्रांत मावत नाहीत, ते आधी बाहेर येतात. लहान रेणू छिद्रांत शिरत मागे रेंगाळतात. प्रतिपिंड औषधांना (सुमारे १५० किलोडाल्टन; हे रेणूच्या वजनाचे एकक) २०० ते ३०० अँगस्ट्रॉमची (मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात) छिद्रे लागतात; ५.८ किलोडाल्टनच्या इन्सुलिनला १०० ते १५० पुरतात.

खरी अडचण चिकटण्याची. बफरमध्ये (नमुना वाहून नेणाऱ्या, पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मीठ कमी पडले की धनभारित प्रथिन सिलिकाला चिकटते आणि आलेखावरच्या शिखराला (पीकला) शेपूट येते. मीठ फार झाले तर प्रथिनाचा पाणी टाळणारा भाग चिकटतो. प्रतिपिंडांसाठी १०० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ६.८, घ्या आणि सोडियम क्लोराइड १०० पासून ३०० मिलीमोलरपर्यंत वाढवत पाहा. तरीही शेपूट राहिली तर २०० मिलीमोलर आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) बहुधा काम करते. ७.८ × ३०० मिमी कॉलमवर मिनिटाला अर्धा मिली प्रवाह असेल, तर लहानात लहान रेणूही साधारण २४ मिनिटांत बाहेर पडतो. त्यानंतर आलेले प्रथिन आकारामुळे नव्हे, चिकटल्यामुळे उशिरा आलेले असते.

इन्सुलिनचे गणित वेगळे. जस्तामुळे त्याचे रेणू सहा-सहाच्या गटात असतात, आणि तो दोष नव्हे. म्हणून आर्जिनिन, अ‍ॅसेटिक आम्ल व अ‍ॅसिटोनायट्रायलचे मिश्रण वापरतात. त्यात हे गट सुटतात, कायमच्या जोडलेल्या गुठळ्या तेवढ्या उरतात. मोजणी २७६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधा कॉलम ओव्हन २५ अंशांवर थांबत नाही, कारण तो फक्त तापवतो. थंड करणाराच हवा. नमुने ४ अंशांवर ठेवा. फॉस्फेट बफरमध्ये जंतू लवकर वाढतात आणि कॉलमचा दाब चढतो, म्हणून बफर रोज ताजा करून ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. नमुना मात्र सहसा गाळू नका, कारण मोजायच्या गुठळ्याच फिल्टरवर अडकू शकतात.

कॉलमही त्या गिळतो, विशेषतः नवा असताना. तोच नमुना कॉलम काढून, नुसत्या जोडनळीतून सोडा आणि दोन्ही वेळचे आलेखावरील शिखरांचे एकूण क्षेत्रफळ ताडून पाहा. कॉलममधून ९५ टक्क्यांहून कमी प्रथिन परत येत असेल, तर 'गुठळ्या नाहीत' या निकालावर सही करू नये.