दोना फ्लोर आणि तिचे दोन नवरे (चित्रपट) : समीक्षकांचा प्रतिसाद

‘दोना फ्लोर इ सेउस दोइस मारिदोस’ हा ब्रुनो बारेतो यांनी दिग्दर्शित केलेला ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेतील प्रणयप्रधान विनोदी चित्रपट. जॉर्जे अमादो यांच्या १९६६ मधील त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट १९७६ मध्ये प्रदर्शित झाला आणि ब्राझीलमध्ये त्याची सुमारे १ कोटी ७ लाख तिकिटे विकली गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा अकरा कोटींच्या घरात होती. ब्राझिलियन चित्रपटांमधला हा उच्चांक ‘त्रोपा दि एलित २’ या पोलीसपटाने २०१० मध्ये मोडला, म्हणजे तो ३४ वर्षे टिकला. इतक्या लोकांना मनापासून आवडलेल्या हलक्याफुलक्या चित्रपटाला कोणत्या मापाने मोजायचे, या प्रश्नाभोवतीच त्याची समीक्षा बराच काळ फिरत राहिली.

कथानक बाहिया प्रांतातील साल्वादोर शहरात घडते. १९४३ च्या कार्निव्हलमध्ये बाईच्या वेषात नाचता नाचता जुगारी, उधळ्या आणि बाहेरख्याली वादिन्यो (जोझे विल्कर) रस्त्यातच कोसळून मरतो. पाककलेचे वर्ग चालवून घर चालवणारी त्याची बायको फ्लोर (सोनिया ब्रागा) पुढे तेओदोरो (मौरो मेन्दोन्सा) या सज्जन औषधविक्रेत्याशी लग्न करते. तेओदोरो नेमस्त आहे, हौशी वाद्यवृंदात बसून हे सुषिर वाद्य वाजवतो, आणि कादंबरीत तर त्याच्या शय्यासुखाचेही वार ठरलेले आहेत : बुधवार आणि शनिवार, त्यातही शनिवारी पुनरावृत्ती. फ्लोरला सगळे मिळते, पण काहीतरी राहते. मग दिवंगत वादिन्यो परततो, तोही विवस्त्र, आणि फ्लोरखेरीज कोणालाच दिसत नाही. शेवटी ती दोघांच्या मधोमध चालत चर्चमधून बाहेर पडते, एका बाजूला सुटाबुटातला नवरा आणि दुसऱ्या बाजूला नागडा.

ब्राझीलच्या समीक्षकांना विनोदी चित्रपटाचे वावडे होते, आणि ते या चित्रपटाच्याही आधीचे. रिओ दि जनेरोतील अत्लांतिदा या १९४१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पुढची दोन दशके ‘शांशादा’ नावाने ओळखले जाणारे, गाणी, कार्निव्हल आणि विडंबन यांची सरमिसळ असलेले स्वस्तातले विनोदपट काढले. ऑस्कारितो आणि ग्रांदे ओतेलो या जोडीवर लोकांनी जीव टाकला, पण वृत्तपत्रांतील समीक्षेने या चित्रपटांना बहुधा थिल्लर ठरवले. साठीच्या दशकात ग्लाउबेर रोशा आणि त्यांच्या सोबत्यांच्या ‘सिनेमा नोवो’ चळवळीने भूक, दुष्काळ आणि हिंसा यांचे कठोर चित्रण हेच चित्रपटाचे काम मानले. त्या वातावरणात करमणूक हा शब्दच संशयास्पद झाला. समीक्षक पाउलो एमिलिओ सालेस गोमेस यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात शांशादाकडे नव्याने पाहिले. परदेशी चित्रपटांनी व्यापलेल्या बाजारात सामान्य प्रेक्षकाने आपल्या नटांशी जे नाते जोडले, त्याला त्यांनी अर्थ दिला. ‘दोना फ्लोर’ आला तो नेमका या वळणावर.

चित्रपटाच्या निर्मितीतही हा पेच आहे. निर्माते लुइझ कार्लोस बारेतो हे दिग्दर्शकाचे वडील, आणि त्याआधी ‘विदास सेकास’ (१९६३) व ‘तेर्रा एं त्रांसी’ (१९६७) या सिनेमा नोवोच्या मानदंड ठरलेल्या चित्रपटांचे छायालेखक. ज्या माणसाने ईशान्य ब्राझीलचे रखरखीत ऊन पडद्यावर आणले, त्यानेच एकवीस वर्षांच्या मुलाला हाताशी धरून रंगीत, खमंग, गाण्यांनी भरलेली प्रेमकथा काढावी, हे काहींना पक्षांतर वाटले. वितरण एम्ब्राफिल्म या सरकारी चित्रपटसंस्थेकडे होते आणि सरकार लष्करी होते, त्यामुळे संशय वाढला. राजवटीला न दुखावणारा देखणा लोकप्रिय चित्रपट म्हणजे राजवटीच्याच सोयीचा, असा तो युक्तिवाद. त्याच वर्षीच्या कार्लोस दियेगेस यांच्या ‘शिका दा सिल्वा’लाही असाच मार खावा लागला. १९७८ मध्ये दियेगेस यांनी अशा टीकेला ‘वैचारिक गस्ती पथके’ असे नाव दिले आणि वाद आणखी पेटला. तटस्थपणे पाहता दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे होते. मात्र गस्त घालणाऱ्यांनी हास्याचा हिशेब कधी नीट मांडला नाही.

दुसरा आक्षेप शृंगाराचा होता. सत्तरीच्या दशकात ‘पोर्नोशांशादा’ नावाच्या चावट विनोदपटांनी चित्रपटगृहे भरलेली होती, आणि ‘दोना फ्लोर’ ही त्यांचीच उंची, नीटनेटकी आवृत्ती आहे असे म्हणणे सोपे होते. सोनिया ब्रागा १९७५ मधील ‘गाब्रिएला’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेल्या होत्या, तेव्हा त्यांच्या देहाचे आकर्षण गल्ल्याच्या कामी आले हे नाकारता येत नाही. तरीही फरक ठळक आहे. पोर्नोशांशादात बाईचा देह पुरुषाच्या नजरेसाठी असतो, तर इथे चित्रपटाच्या उत्तरार्धात सर्वांत जास्त वेळ उघडा दिसतो तो पुरुष. त्याच्या नागडेपणावर हसू येते, आणि त्याच्याकडे पाहण्याचा अधिकार केवळ एका बाईला आहे. इच्छा तिची आहे, आणि त्या इच्छेबद्दल पटकथा तिला शिक्षा करीत नाही.

या शेवटाला सर्वांत भरीव अर्थ मिळाला तो मानवशास्त्रज्ञ रॉबेर्तो दामाता यांच्या विवेचनातून. ऐंशीच्या दशकात, मुख्यतः कादंबरीवर लिहिताना, त्यांनी फ्लोरला ‘घर’ आणि ‘रस्ता’ या ब्राझिलियन समाजाच्या दोन जगांना जोडणारी व्यक्ती मानले. तेओदोरो हा नियमांचा आणि घराचा, वादिन्यो रस्त्याचा आणि कार्निव्हलचा. पाश्चात्त्य शोकांतिकेत नायिकेला निवड करावी लागते, फ्लोर मात्र निवडायचे नाकारते. या वाचनानंतर शेवटच्या दृश्याकडे निव्वळ गंमत म्हणून पाहणे कठीण झाले, आणि चित्रपटालाही त्या चर्चेचा लाभ झाला. याच वाचनाला उलटा प्रश्नही विचारता येतो : दोन्ही हातांत दोन्ही सुखे धरणारी ही तडजोड मध्यमवर्गाला फारच सोयीची नाही काय? शिवाय दोन नवऱ्यांपैकी एक बायकोला मारणारा आणि तिचे पैसे जुगारात उडवणारा होता, हे प्रेक्षक हसता हसता विसरतो. आजच्या प्रेक्षकाला हे अधिक बोचते.

वंश आणि धर्म यांबाबतचा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. अमादो यांच्या कादंबरीत वादिन्योला परत पाठवण्यासाठी कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिलियन धर्मपंथाचे विधी होतात, ओरिशा देवतांमध्ये झुंज लागते आणि वादिन्योच्या पाठीशी एशू उभा राहतो. चित्रपटात हा भाग आटोपशीर झाला, आणि कृष्णवर्णीय साल्वादोर बव्हंशी पार्श्वभूमीला राहिले. नेल्सन पेरेरा दोस सान्तोस यांनी अमादो यांच्याच कादंबरीवरून काढलेल्या ‘तेंदा दोस मिलाग्रेस’शी (१९७७) तुलना केली की ही उणीव लगेच दिसते. अर्थात त्या चित्रपटाचा हेतूच वेगळा होता.

संगीताबद्दल मात्र फारसे दुमत झाले नाही. शिको बुआर्की यांचे ‘ओ के सेरा’ हे गीत सिमोन यांच्या आवाजात चित्रपटाची ओळखच बनले.

परदेशी प्रेक्षकांसाठी हा वाद अस्तित्वातच नव्हता. गोल्डन ग्लोबमध्ये सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटासाठी त्याला नामांकन मिळाले, तर १९८१ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीने सोनिया ब्रागा यांना नवोदित कलावंतासाठी नामांकन दिले. १९७९ मध्ये याच कथेवर ‘साराव्हा’ ही संगीतिका ब्रॉडवेवर आली. १९८२ मध्ये हॉलिवूडने ‘किस मी गुडबाय’ काढला, त्यात सॅली फील्ड विधवा, जेम्स कान भूत आणि जेफ ब्रिजेस नवा जोडीदार. हा नवा जोडीदार अजून नवरा झालेला नाही, भूत कपडे घालून वावरते आणि बाहिया तर गायबच. म्हणजे मूळ कथेतला सगळा खोडसाळपणा काढून टाकलेला. ब्राझिलियन चित्रपटाचे बळ कथानकात कमी आणि स्थळ, स्वयंपाक, उकाडा व निर्लज्जपणा यांत जास्त होते, याचा एवढा चांगला पुरावा कोणत्याही समीक्षकाने दिलेला नाही.

ब्राझीलमध्ये १९९८ मध्ये या कथेवर दूरचित्रवाणी मालिका आणि २०१७ मध्ये पेद्रो वास्कोन्सेलोस दिग्दर्शित नवा चित्रपट आला. दरम्यान ग्लोबो या दूरचित्रवाणी कंपनीने १९९८ मध्ये स्थापन केलेल्या ग्लोबो फिल्म्सच्या पाठबळाने निघणाऱ्या हलक्या विनोदपटांना ‘ग्लोबोशांशादा’ हे हिणकस नाव चिकटले. ‘से एउ फोस व्होसे’ (२००६) या, नवरा-बायकोच्या देहांची अदलाबदल होणाऱ्या चित्रपटाने लाखो प्रेक्षक खेचले. दूरचित्रवाणीचे चेहरे मोठ्या पडद्यावर आणून तिकिटे विकण्याची जी तक्रार १९७६ मध्ये सोनिया ब्रागा यांच्या निमित्ताने करता येत होती, ती या चित्रपटांविरुद्ध पुन्हा ऐकू येते.