अल्पदृष्टी आणि संकेतस्थळावरील मजकूर

चष्मा किंवा शस्त्रक्रियेनंतरही नजर पुरेशी सुधारत नाही, तरीही डोळ्यांनीच वाचणाऱ्या व्यक्तींसाठी अक्षर, रंग व मांडणीत करायची तजवीज. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) पेक्षा जास्त नसून ३/६० पर्यंत असेल किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत आकसले असेल, तर ती अल्पदृष्टी होय.

अक्षर मोठे केले की भागले, हा समज अर्धवट आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारात कडेची नजर जाते. तिथे अक्षर फार मोठे केल्यास एका नजरेत उलट कमीच शब्द मावतात. काहींना संगणक-मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याची तिरीप सोसत नाही, त्यांना काळ्यावर पांढरे बरे पडते. म्हणून आकार आणि रंग वाचकाला बदलता येणे महत्त्वाचे. मोबाइलवर बोटांनी मजकूर मोठा करण्याची सोय बंद ठेवणारी संकेतस्थळे नेमके हेच हिरावून घेतात.

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सुगम्यता निकषांत (आवृत्ती २.१, २०१८) तीनपैकी मध्यम स्तरावर मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५:१ लागते, मोठ्या अक्षरांना ३:१ चालते. पांढऱ्यावर काळ्याची तफावत २१:१ असते. फिकट करड्या अक्षरांची फॅशन इथेच नापास होते. मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही झाकले जाऊ नये, आणि ३२० पिक्सेल रुंदीतही ओळी आडव्या सरकवाव्या लागू नयेत.

हे आकडे देवनागरीला पुरत नाहीत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एवढासाच. बारीक वळणाच्या फाँटात अनुस्वार दिसला नाही तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते. वर रफार-वेलांट्या, खाली उकार असल्याने ओळींत मोकळी जागा हवी. रोमन लिपीत उपयोगी पडणारे अक्षरांमधले वाढीव अंतर मात्र इथे शिरोरेषा तोडते. त्याऐवजी शब्दांमधले अंतर वाढवावे.

भारतात सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०२३ ची तिसरी आवृत्ती वरील निकषांवर बेतलेली आहे. अशा संकेतस्थळांवर माथ्याशी ‘अ+’, ‘अ-’ ही बटणे दिसतात, पण स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकांवर ती चालत नाहीत. ते चित्र मोठे केले की अक्षर फुटते, ओळी पडद्याबाहेर जातात, रंगही पालटता येत नाहीत. तोच मजकूर युनिकोडमध्ये (अक्षरे चित्र म्हणून नव्हे, तर अक्षरे म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत) टंकलेला असेल, तर या तिन्ही अडचणी राहत नाहीत.