कला आठवते, कलाकाराचे नाव का आठवत नाही?

अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९४८ ते १९७१ या काळात रविवारी रात्री ‘द एड सलिव्हन शो’ लागत असे. गायक, कसरतपटू, जादूगार आणि विनोदवीर एकाच तासात हजेरी लावून जात. तो कार्यक्रम लहानपणी पाहिलेल्या अनेकांना त्यातला एखादा कलाकार आज अर्धाच आठवतो. वळलेली मूठ, अंगठ्याचा झालेला खालचा ओठ, त्यावर लाली, वर डोळे आणि केसांचा टोप, आणि ती मूठ किनऱ्या आवाजात आपल्या मालकाशी हुज्जत घालते आहे. शेजारी एक पेटी, जिचे झाकण उघडताच आतले डोके घोगऱ्या आवाजात एखादा शब्द बोलते. एवढे लख्ख आठवते, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. हे कलाकार म्हणजे स्पेनमध्ये १८९६ साली जन्मलेले आणि १९९९ पर्यंत जगलेले शब्दभ्रमकार सेन्योर वेन्सेस.

मुठीची बाहुली दृश्य, आवाज, हसू अशा अनेक धाग्यांनी स्मृतीत बांधलेली असते. नावाला त्यातला एकही धागा चिकटत नाही. प्रयोगांत असे आढळले आहे की, एखाद्या अनोळखी चेहऱ्याचे आडनाव बेकर आहे असे सांगितले तर ते विसरले जाते, पण तो माणूस बेकरीत पाव भाजतो असे सांगितले तर ते अधिक सहज लक्षात राहते. आपल्याकडे ‘सुतार’ हे आडनाव आणि सुताराचा व्यवसाय घेऊनही असा प्रयोग करता येईल. शब्द तोच असतो. मात्र व्यवसायामागे करवत, रंधा, लाकडाचा भुसा असे सारे चित्र उभे राहते आणि आडनावामागे काहीच राहत नाही. अर्धवटरावाची बाहुली डोळ्यांपुढे येते, पण रामदास पाध्ये हे नाव आठवायला क्षणभर थांबावे लागते, असा अनुभव मराठी प्रेक्षकालाही येऊ शकतो.

मानसशास्त्रज्ञ डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली याचे एक पटणारे स्पष्टीकरण मांडले. अर्थाकडून उच्चाराकडे जाणारे दुवे न वापरल्याने आणि वयामुळे क्षीण होतात, आणि विशेषनामांपर्यंत नेणारा दुवा मुळातच एकेरी असल्याने आधी तोच तुटतो. म्हणून अशा वेळी नावाचे पहिले अक्षर कुणी सुचवले तर पुष्कळदा उरलेले नाव आपोआप येते. उलट डोके धरून ताणत बसणे हिताचे नाही. एमी बेथ वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांच्या २००८ सालच्या प्रयोगात ज्या शब्दांसाठी लोकांना अधिक वेळ अडकून राहू दिले, तेच शब्द दोन दिवसांनी पुन्हा अडण्याची शक्यता वाढलेली दिसली.

वेन्सेस यांच्या चित्रफिती उपलब्ध असल्याने ताळा घेता येतो. एक-दोनदाच झळकलेल्या विनोदवीराचे तसे नसते. १९५६ मध्ये व्हिडिओ टेप येण्यापूर्वी थेट प्रक्षेपण जपायचे तर पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून ते चित्रित करावे लागे, आणि त्या काळचे पुष्कळसे कार्यक्रम कायमचे नष्ट झाले आहेत. तेथे पाहणाऱ्यांची आठवण हाच पुरावा उरतो, आणि ती भेसळीला फार लवकर बळी पडते: एका कार्यक्रमातला विनोद दुसऱ्याच्या खात्यावर जातो, भावाने सांगितलेला तपशील आपणच पाहिल्यासारखा वाटू लागतो. म्हणून घरातल्या चौघांना तो विनोदवीर आठवत असेल, तर आपसांत बोलण्याआधी प्रत्येकाने हातवारे, पेहराव, आवाज आणि प्रसंग स्वतंत्रपणे लिहून काढावेत. न बोलता चौघांच्याही कागदावर जे जुळेल, त्यावरूनच शोध सुरू करावा.