साडेबाराला सुटणारी शाळा

प्रवेशाची चौकशी करायला गेलेले आईबाप शाळेच्या खिडकीशी आधी फी विचारतात, मग माध्यम, आणि शेवटी विचारतात, "सुटते किती वाजता?" दोघंही नोकरीला जाणारे असले की सगळं या शेवटच्या उत्तरावर अडतं. शाळा साडेबाराला सुटते, फार तर दीड-दोनला. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतली जनरल शिफ्ट संपवून, बस पकडून, भाजी घेऊन घरी पोचायला साडेसहा वाजतात. मधल्या साडेचार ते सहा तासांत सात वर्षांचं पोर कुठे असणार? पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारे तर सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोड सोडतात आणि मुलांची जेवणं झाल्यावर घरी परततात.

या मधल्या तासांचं काय करायचं, हे आपल्याकडे कोणी ठरवलंच नाही. कायदे झाले, योजना झाल्या, आणि त्या सगळ्या मुलाच्या सहाव्या वाढदिवसाशी येऊन थांबल्या. असं का झालं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

कारखान्यांच्या आधीही नाशिक-सिन्नर भागातल्या बाया कमावत होत्याच. त्या विड्या वळत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली पानं, दोरा, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. काम घरातच, म्हणून मूल डोळ्यांसमोर. लहान मूल सुपाशेजारी झोपे, मोठी मुलगी दोरा बांधायला बसे. मूल सांभाळण्याचा वेगळा प्रश्न उभा राहत नसे, कारण त्याची किंमत त्या मोठ्या मुलीच्या शाळेतून वळती होत असे. विडी कामगारांसाठी १९६६मध्ये कायदा झाला, त्यात पाळणाघराचं कलमही आलं. पण ते विडी कारखान्याच्या जागेपुरतं आणि सहा वर्षांखालच्या मुलांपुरतं. घरी बसून विड्या वळणारी बाई त्या कलमाच्या बाहेरच राहिली.

ठरलेल्या वेळेची नोकरी शहरात रुजली ती नाशिकरोडला. १९२५मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आली, १९२८मध्ये करन्सी नोट प्रेस. पुढे १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूरची वसाहत उभी राहू लागली. १९६४मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. मायको कंपनी आली, मागून अंबडची वसाहत आली. लेथ, मिलिंग, ड्रिलिंगची ही कामं मुख्यतः पुरुषांची मानली गेली, आणि इथेच एक गोष्ट घडली जिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत.

१९४८च्या कारखाने कायद्यातलं ४८वं कलम पाळणाघराचं होतं. पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असं ते सांगत असे. १९७६मध्ये ही संख्या तीसवर आणली. मोजल्या जात होत्या फक्त बाया. हजार पुरुष आणि वीस बाया असलेल्या कारखान्याला पाळणाघर लागू नव्हतं, कारण बापाला मूल असतं हे कायद्याच्या हिशेबातच नव्हतं. सातपूरसारख्या इंजिनिअरिंगच्या वसाहतीत याचा अर्थ उघड होता. ही मोजणी बदलायला २०१७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ते पन्नास कर्मचारी स्त्रिया असोत की पुरुष. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभाही मिळाली. दुरुस्ती मोलाची आहे, पण ती तान्ह्या बाळाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. दुसरीतल्या मुलाला घेऊन कंपनीच्या पाळणाघरात कोण जाणार?

सहा हे वय आलं कुठून? सहाव्या वर्षी मूल शाळेत जातं, म्हणजे त्याची काळजी आता शाळेकडे, असं गृहीत धरलं गेलं. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, अंगणवाड्या आल्या, त्याही सहा वर्षांपर्यंतच. २००६ची राष्ट्रीय पाळणाघर योजना सहापर्यंत. २०२२मध्ये मिशन शक्तीखाली आलेली 'पालना' योजना सहा महिने ते सहा वर्षं. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची जी संहिता आहे, तिच्यातही पाळणाघर सहा वर्षांखालच्या मुलांसाठीच. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ गेला आणि आकडा जागचा हलला नाही.

महाराष्ट्रात याचा वेगळा विचार झालाच नव्हता असं मात्र नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे १९५७मध्ये अनुताई वाघांसह त्यांचं काम कोसबाडला हललं. आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसलं की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. त्यांनी तिला दोष दिला नाही, पालकांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. मूल सांभाळणं आणि मूल शिकवणं हे एकच काम आहे, असं मानणारी ही रचना होती. तिच्यातली अंगणाची कल्पना देशभर गेली, अंगणवाडी हा शब्दही गेला. एका आवाराची कल्पना मात्र मागे राहिली. पाळणाघर एका खात्याकडे, शाळा दुसऱ्याकडे आणि कारखाना तिसऱ्याकडे गेला.

शाळेचं घड्याळही कामगाराच्या घड्याळाशी कधी जुळवलं गेलं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं हवं. भागाकार केला तर दिवसाचे चार तास. कारखान्यात मात्र आठवड्याचे ४८ तास, दिवसाचे आठ. जेवणाची सुट्टी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर दहा. सुट्ट्यांचा हिशेब त्याहून अवघड. कायद्याप्रमाणे वीस दिवस काम केल्यावर एक दिवस भरपगारी रजा. वर्षाला पंधराच्या आसपास. उन्हाळी सुट्टीच त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत खिचडीमुळे मुलाच्या पोटाची सोय तरी होते. विनाअनुदानित शाळेतलं मूल सकाळच्या डब्यावर असतं.

मग इतकी वर्षं चाललं कसं?

माझं सांगते. आम्ही नाशिकच्या सिडकोत वाढलो, एका योजनेतल्या छोट्या घरात. आई सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. शाळा सुटली की घराची चावी शेजारच्या काकूंकडून घ्यायची, हातपाय धुवायचे, आणि त्यांच्याच ओट्यावर बसून जेवायचं. काकूंची स्वतःची तीन मुलं. त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. दिवाळीला आई साडी न्यायची, ती घेतानाही त्या अवघडायच्या. पंचवटीच्या वाड्यांत, प्रेसच्या क्वार्टर्समध्ये, सातपूरच्या कामगार वस्त्यांत अशा काकू होत्या. त्यांच्या दुपारी कुठल्याही हजेरीपटावर लागल्या नाहीत. पण त्या नसत्या तर माझी आई पहिल्या महिन्यातच घरी बसली असती.

पुढे पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड या बाजूला फ्लॅट उभे राहिले. गावाकडून, खानदेशातून, विदर्भातून आलेली जोडपी, सासू-सासरे गावी. शेजारची बाईही नोकरीला. तेव्हा काकूंची जागा पाळणाघराच्या मावशींनी घेतली. बहुतेक पाळणाघरं अशीच सुरू झाली: एखाद्या गृहिणीने आपल्या दोन खोल्यांत पाच-सहा मुलं घेतली, महिन्याचे पैसे ठरवले, रिक्षावाल्या काकांना पत्ता दिला. २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातली तान्ह्या मुलीला झालेल्या मारहाणीची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आणि आयांचा जीव हादरला. २०१८मध्ये केंद्राने पाळणाघरांसाठी किमान निकषांची मार्गदर्शिका काढली, ती २०१७च्या दुरुस्तीनुसार उभ्या राहणाऱ्या पाळणाघरांसाठी. मावशींच्या दोन खोल्यांना कॅमेरे लागले ते आईबापांच्या आग्रहाने. फोनवर मूल दिसतं. कामात मन लागतंच असं नाही.

शाळकरी मुलांसाठी आणखी एक वाट निघाली, ती शिकवणीची. पहिलीतल्या मुलाला ट्यूशन कशाला, असं लोक विचारतात. अनेक घरांत उत्तर अभ्यासाचं नसतं. तीन ते पाच मूल कुणाच्या तरी नजरेखाली बसलेलं असावं, एवढंच असतं. तीन वाजता ट्यूशन, पाच वाजता स्केटिंग किंवा चित्रकला. थकलेलं मूल एका दारातून दुसऱ्या दारात जातं.

सरकारी नोकरीत थोडा दिलासा आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८पासून १८० दिवसांची. दोन्ही रजा मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत घेता येतात. म्हणजे सहा वर्षांनंतरही मुलाला आईची गरज असते, हे सरकारला आपल्या कर्मचाऱ्यांपुरतं मान्य आहे. अंबडला ठेकेदाराकडे रोजावर असलेल्या बाईला यातलं काही नाही.

आणि आता चर्चा सुरू आहे ती सकाळची. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू, आणि तो योग्य आहे; पहाटे सहाला कुडकुडत व्हॅनची वाट बघणारी मुलं मीही पाहिली आहेत. पण पहिली शिफ्ट सातला लागते. आधी आईबाप आणि मूल बरोबरच घराबाहेर पडत, आणि प्रश्न फक्त दुपारचा होता. आता साडेसहाला आई निघते तेव्हा मूल झोपलेलं असतं. त्याला आठला उठवायचं, दूध द्यायचं, गणवेश चढवायचा आणि पावणेनऊला खाली व्हॅनपर्यंत सोडायचं, एवढ्यासाठी पाळणाघरवाल्या मावशींना पहाटेचे वेगळे पैसे देणारी घरं आमच्या बिल्डिंगमध्येच तीन आहेत.